रेनाटाने सही का केली नाही

त्या एप्रिलमध्ये डग पावलकच्या घरात दुसरा विषयच नव्हता. एकुलत्या एका मुलीला, कोरिनला, सेंट ऑल्डन विद्यापीठाचं पत्र आलं होतं. हेल्थ सायन्सेसच्या पदवीला प्रवेश मिळाला होता आणि एक मेच्या आत होकार कळवायचा होता. अमेरिकेतल्या टोलेडो शहराजवळच्या आमच्या गावात दर वसंतात अशी पत्रं पाच-पन्नास घरांत येतात. आधी सगळे उड्या मारतात, केक कापतात. मग कोणीतरी पत्राचं दुसरं पान उलटतं आणि घर गप्प होतं.

पावलकांच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर वर्षाचा खर्च होता, अठ्ठेचाळीस हजार डॉलर. शिष्यवृत्ती वीस हजारांची. म्हणजे दर वर्षी अठ्ठावीस हजार आणि चार वर्षांत एक लाख बारा हजार डॉलर कर्जाने उभे करायचे.

"मला एवढंच सांग," कोरिनची आई जोलीन म्हणाली, "चार वर्षांनी ही नेमकी कोण होणार?" जोलीन गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. चारशे मुलांचं जेवण रोज मोजून मापून काढणारी बाई. तिला हवेतलं बोलणं आवडत नसे.

"हेल्थ सायन्सेसची पदवीधर होणार!" डग म्हणाला.

"ते कळलं. पण करणार काय?"

"हॉस्पिटलमध्ये लोक करतात ते करणार."

"हॉस्पिटलमध्ये लोक फरशाही पुसतात, डग."

"तू ना, जोलीन, लग्नाच्या केकमध्येही खडे शोधशील!"

कोरिन पिएरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, पुढ्यात घेऊन बसली होती. हसावं की रडावं तिला कळेना. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचे आजोबा गेले. आयुष्यभर काचेच्या कारखान्यात राबून त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती. शेवटचे आठ महिने कोरिन शाळेतून आली की त्यांची ऑक्सिजनची नळी बदलायची, त्यांना उशांना टेकवून बसवायची. श्वास मोकळा झाला की म्हातारा तिच्या हातावर थोपटायचा. तेव्हापासून तिच्या मनात होतं की असंच काहीतरी काम आपण करायचं. अर्ज भरताना लांबलचक यादीत 'हेल्थ' हा शब्द दिसला आणि तिने तिथे खूण केली. निर्णय झाला तो एवढाच!

जोलीनने मुलीला दुसऱ्याच दिवशी फोन करायला बसवलं. सेंट ऑल्डनच्या प्रवेश विभागातला ब्राइस नावाचा तरुण फोनवर फार गोड बोलला.

"तुमच्या हेल्थ सायन्सेसमधून बाहेर पडलेली मुलं साधारण काय काम करतात?" कोरिनने विचारलं.

"ती सगळीकडे आहेत, कोरिन! आरोग्य क्षेत्र तर किती झपाट्यानं वाढतंय!"

"हो, पण म्हणजे कुठल्या हुद्द्यावर?"

"शंभरातली ब्याण्णव मुलं सहा महिन्यांत नोकरीला लागतात किंवा पुढे शिकायला जातात."

"नोकरीला लागतात ती किती कमावतात?"

ब्राइस हसला. मग म्हणाला, "असं बघ, शिक्षण हे फक्त पैशांसाठी नसतं. आणि आमचं नवं व्यायामगृह बघितलंस का?"

फोन ठेवला तेव्हा कोरिनचा चेहरा पडला होता. डगने मात्र ब्याण्णव हा आकडा तेवढा पकडला. "ऐकलंस? शंभरात ब्याण्णव!" असं तो बायकोला दिवसभर ऐकवत राहिला.

आता डग असा का वागत होता, तेही सांगायला हवं. तो वाईट माणूस नव्हता, मुलीवर जीव टाकणारा होता. बाप राबला त्याच काचेच्या कारखान्यात तोही लागला. तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि तो बेकरीच्या ट्रकवर पाव पोचवायला लागला. आपल्या हातून जे झालं नाही ते मुलीने करावं, एवढंच त्याला वाटत होतं. आणि घरात एक आदर्श होताच. त्याची धाकटी बहीण, रेनाटा! पावलक घराण्यातली पहिली पदवीधर. तिचीही पदवी हेल्थ सायन्सेसचीच, तीही बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या खासगी कॉलेजची. गावातल्या रुग्णालयात ती 'प्रशासनात' होती, असं सगळे म्हणत. काळा झगा आणि टोपी घातलेला तिचा फोटो तिच्या वडिलांनी मरेपर्यंत पाकिटात ठेवला होता.

म्हणून डगच्या स्वतःच्या नावावरच्या कर्जाचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हाही तो डगमगला नाही. कारखाना बंद पडल्यावर त्याच्या गाडीचे हप्ते थकले होते, गाडी कंपनीने उचलून नेली होती, आणि बँकांच्या नोंदीतला तो डाग अजून पुसला गेला नव्हता. आता जामीनदार लागणार होता.

"रेनाटा आहे ना!" तो म्हणाला. "ती सही करेल. हसत करेल."

रविवारी प्रार्थनेनंतर रेनाटा जेवायला आली. एक्केचाळीस वर्षांची, सडपातळ, जुना पण स्वच्छ कोट घातलेली. कोरिनवर तिची फार माया. जेवण झाल्यावर डगने कागद तिच्यापुढे सरकवला, वर पेनही ठेवलं.

रेनाटाने कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग तो घडी न करता परत सरकवला.

"मी सही करणार नाही, डग."

"म्हणजे? आज नाही करणार?"

"आजही नाही आणि उद्याही नाही."

डगला वाटलं, थट्टा करतेय. मग त्याचं तोंड लाल झालं. "का? भाचीवर भरवसा नाही तुझा?"

"कोरिनवर आहे. या कागदावर नाही."

"वा! तू शिकलीस, मोठी झालीस, खुर्चीत बसलीस. आता आमच्या पोरीची वेळ आली तर हात वर केलेस! बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं गं?"

रेनाटा उठली, कोट घेतला आणि जोलीनच्या खांद्याला हात लावून निघून गेली. टेबलावरचा केक कोणी कापलाच नाही.

कोरिनला राहवेना. शाळा सुटल्यावर मंगळवारी ती सायकलवरून थेट रुग्णालयात गेली. दारातल्या माणसाला तिने विचारलं, "प्रशासन विभाग कुठल्या मजल्यावर आहे? रेनाटा पावलकना भेटायचंय."

"रेनाटा? ती काय समोर, तीन नंबरच्या खिडकीत."

काचेपलीकडे आत्या बसली होती. गळ्यात ओळखपत्र, समोर रांग. "तुमचं विम्याचं कार्ड द्या. जन्मतारीख? पत्ता तोच आहे ना?" एका म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्याला ती तीन वेळा तेच शांतपणे विचारत होती. कोरिन खांबाआड उभी राहिली. तिला पाहायचं नव्हतं आणि नजर हटतही नव्हती.

रेनाटाने तिला पाहिलं. दहा मिनिटांनी सुट्टी घेऊन ती बाहेर आली आणि दोघी कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसल्या.

"बघितलंस ना," रेनाटा म्हणाली. "हेच माझं प्रशासन."

"आत्या, यात वाईट काय आहे? तू किती छान बोलत होतीस त्या आजोबांशी."

"काम वाईट नाहीच गं. मला आवडतं ते. पण माझ्या शेजारच्या खिडकीत बसते ना, ती बारावी झाल्यावर थेट इथे आली. तिचा आणि माझा पगार सारखा आहे. तासाला एकोणीस डॉलर. फरक एवढाच की ती पगार घरी नेते."

आणि मग एकोणीस वर्षं कोणाला न सांगितलेलं तिने भाचीला सांगितलं. पदवीसाठी तिने चौपन्न हजार डॉलर कर्ज घेतलं होतं, काही सरकारी, काही बँकेचं. पदवी हातात आली तेव्हा तिला कळलं की या पदवीवर नर्स होता येत नाही, एक्स-रे काढता येत नाही, कोणाला साधी सुईसुद्धा टोचता येत नाही. त्या प्रत्येक कामाला वेगळं शिक्षण आणि वेगळा परवाना लागतो. पुढे शिकायचं तर आणखी कर्ज. ती घाबरली आणि मिळाली ती नोकरी धरली. तेव्हापासून ती महिन्याला तीनशे दहा डॉलर भरत होती. सत्तर हजारांच्या वर भरून झाले होते. आणि अजून एकोणपन्नास हजार बाकी होते!

"बाकी? एवढे भरूनही?" कोरिनचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

"व्याज, बाळा. मी भरते ते बहुतेक व्याजच खातं. घर घेतलं नाही. दाढ दुखत होती तर दोन वर्षं लवंग चावत काढली. एका चांगल्या माणसाने लग्नाचं विचारलं होतं. माझ्या डोक्यावरचं ओझं त्याच्या डोक्यावर कसं टाकू, म्हणून नाही म्हटलं."

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"कोणाला सांगू? बाबा कारखान्यात पाकिटातला फोटो दाखवत फिरायचे. त्यांना काय सांगणार, की तुमची पदवीधर लेक खिडकीत बसते आणि तिच्या खात्यात पगाराच्या आदल्या दिवशी अकरा डॉलर असतात?"

कोरिन रडायला लागली. "म्हणजे मी शिकूच नको का, आत्या?"

"वेडी आहेस का!" रेनाटाने तिचा हात घट्ट धरला. "शिक, भरपूर शिक! पण सही करण्याआधी विचार, की हे शिकून मला कोणतं काम करायची परवानगी मिळणार? त्या कामाला इथे, आपल्या गावात, काय पगार आहे? आणि हप्ता भरून हातात काय उरणार? एक लाख बारा हजार दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला तेराशे येतो. माझ्यासारखा पगार असला तर घरी येतात सत्तावीसशे. जमव बघू त्यात खोलीचं भाडं. ज्याला पुढे शिकून डॉक्टर व्हायचंय, फिजिओथेरपिस्ट व्हायचंय, त्याच्यासाठी ही पदवी जिन्याची पहिली पायरी आहे. पण त्याला पूर्ण जिना चढायचा खर्च आधी माहीत हवा. मी पहिल्या पायरीचेच पैसे मोजले आणि तिथेच बसले. आता तू सांग, तुला करायचंय तरी काय? पदवीचं नाव नको, काम सांग."

कोरिनने डोळे पुसले. मग म्हणाली, "आजोबांना दम लागायचा तेव्हा मी करायचे ना, ते."

रेनाटा एकदम उठली. "चल माझ्याबरोबर."

तिसऱ्या मजल्यावर ओडेसा टिलमन नावाची एक धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याची बाई एका रुग्णाच्या खाटेपाशी उभी होती. ती रेस्पिरेटरी थेरपिस्ट होती, म्हणजे रुग्णांचा श्वास सांभाळणारी. खाटेवरची बाई घाबरीघुबरी झाली होती. ओडेसाने तिचा मुखवटा नीट बसवला, यंत्रावर काहीतरी फिरवलं आणि म्हणाली, "माझ्याकडे बघा, मिसेस डोबिन्स. माझ्याबरोबर श्वास सोडा. घाई कसली? मला कुठे जायचंय? माझा नवरा आज स्वयंपाक करतोय, मला उशिराच जायचंय!" ती बाई त्या अवस्थेतही हसली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. दारात उभ्या असलेल्या कोरिनचा श्वासही तिच्याबरोबरच मोकळा झाला.

"कुठे शिकलात हे?" तिने नंतर विचारलं.

"इथेच, आपल्या जिल्ह्याच्या काउंटी कॉलेजात. इथून वीस मिनिटांवर. आधीचे विषय धरून अडीच वर्षं लागली, मग परवान्याची परीक्षा. घरी राहून शिकलीस तर सगळे मिळून पंधरा हजारांच्या आसपास. आणि सुरुवातीला तासाला तीस डॉलर मिळतात. पण एक सांगते पोरी, पाय दुखतात, माणसं डोळ्यांदेखत जातात. नुसत्या पगारासाठी येऊ नकोस."

गुरुवारी संध्याकाळी रेनाटा न बोलावता भावाच्या दारात उभी राहिली. डगने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही.

"सही करायला आलीस?"

"नाही. खरं सांगायला आले."

आणि तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खिडकी, पगार, हप्ते, एकोणपन्नास हजार, आणि शेवटी कोरिनने मनात धरलेलं काउंटी कॉलेज. कर्जाचा ताजा कागद तिने टेबलावर ठेवला. जोलीनने तोंडावर हात ठेवला. डगने कागद उचलला, आणि त्याचा पहिला उद्गार रागाचा होता.

"एकोणीस वर्षं तू आमच्याशी खोटं बोललीस!"

"हो, बोलले. आधी बाबांसाठी बोलले. मग तुझ्यासाठी बोलले. मग सवयच लागली."

"आणि मी गावभर सांगत फिरलो! बेकरीत, चर्चमध्ये... माझी बहीण बघा म्हणून!" त्याचा आवाज फाटला. "काउंटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठे घेत नाहीत त्यांची जागा, असं मी परवाच मोठ्या तोंडाने म्हणालो. माझ्या पोरीने तिथे जायचं? मला फक्त तिला तुझ्यासारखी करायची होती गं!"

"डग," रेनाटा म्हणाली, "म्हणूनच मी सही केली नाही!"

डग खुर्चीत बसला. बहिणीचा जुना कोट, झिजलेल्या बाह्या, हे सगळं तो जणू पहिल्यांदाच बघत होता. कितीतरी रविवार ती याच टेबलावर जेवून गेली होती, आणि तिने कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की तो थट्टा करायचा, "साहेबांना आज भूक लागलीय वाटतं!" आता ती थट्टा आठवून त्याला मान वर करवेना.

"दाढ अजून दुखते का?" त्याने एवढंच विचारलं. आणि तो पाव पोचवणारा आडदांड माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. कोरिनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "बाबा, मला आजोबांसारख्या माणसांचा श्वास सांभाळायचाय. ते वीस मिनिटांवर शिकवतात. मला लाज नाही वाटत. तुला वाटते का?"

डगने मान हलवली. "नाही. आता नाही."

एवढ्यावरच हे थांबलं असतं तर एका घराची गोष्ट झाली असती. पण जोलीन स्वस्थ बसणारी नव्हती. "आपल्याच घरात हे एकोणीस वर्षं कळलं नाही," ती म्हणाली, "तर बाकीच्या घरांत काय काय झाकलेलं असेल?" एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी तिने चर्चच्या सभागृहात बारावीच्या मुलांच्या आईबापांना कॉफीला बोलावलं. रेनाटा उभी राहिली आणि तिने स्वतःचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मग मागच्या बाकावरचे एक शिक्षक उठले. "माझे बावन्न हजार बाकी आहेत. बायकोलाही पूर्ण आकडा माहीत नाही. ती इथेच बसलीय." त्यांची बायको म्हणाली, "आता कळला! घरी चला, बघते!" लोक हसले, आणि त्या हसण्याने जणू गाठ सुटली. एकामागून एक माणसं बोलायला लागली. ज्यांना आपण वर्षानुवर्षं सुखी समजत होतो, ती!

ओडेसालाही बोलावलं होतं. तिने रेनाटाला सगळ्यांसमोरच विचारलं, "अगं, आपलं रुग्णालय ना-नफा संस्था आहे. अशा ठिकाणी दहा वर्षं नोकरी करून हप्ते भरलेल्यांचं उरलेलं सरकारी कर्ज माफ होऊ शकतं. त्याचा फॉर्म भरलास ना तू?"

"कुठला फॉर्म?" रेनाटाने विचारलं. तिने तो फॉर्म कधी पाहिलाच नव्हता. कर्ज आहे हेच कोणाला सांगितलं नव्हतं, तर फॉर्मबद्दल विचारणार कोणाला? कित्येक वर्षांचे हप्ते निव्वळ लाजेपायी भरले गेले होते!

ते काम सोपं गेलं नाही. कागद परत आले, पुन्हा पाठवले, चौदा महिने गेले. शेवटी सरकारी कर्ज माफ झालं, एकोणतीस हजार डॉलर. बँकेचे वीस हजार तेवढे तसेच राहिले आणि ते रेनाटा अजून फेडते आहे. पण आता ती ते उघडपणे फेडते. दर वसंतात सभागृहात तिची खुर्ची ठरलेली असते आणि पत्र घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला ती आधी एकच गोष्ट विचारते, "पदवीचं नाव राहू दे, काम सांग."

कोरिन काउंटी कॉलेजात गेली. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात नापास होता होता वाचली. मैत्रिणींचे दूरच्या वसतिगृहांतले फोटो बघून कधीकधी तिला वाईटही वाटलं, ते तिने लपवलं नाही. अडीच वर्षांनी परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन ती त्याच रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर रुजू झाली. तिच्यावर नऊ हजारांचं कर्ज होतं, ते दोन वर्षांत फिटलं. आता ती नोकरी करत पुढची पदवी शिकते आहे, आणि तिची फी रुग्णालय भरतं.

मित्रहो, ही गोष्ट शिकू नका असं सांगत नाही. शिक्षणासाठी कर्ज काढणं हा गुन्हा नाही, कधीकधी दुसरा मार्गच नसतो. पण मोठ्या नावाला भुलून अठरा वर्षांच्या मुलांच्या आयुष्याची वीस वर्षं कागदावर लिहून देणं, आणि मग त्याबद्दल घरात तोंडही न उघडणं, हा मात्र अन्याय आहे आणि तो आपणच आपल्या मुलांवर करतो. कॉलेजला प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा. आणि तुम्ही स्वतः कर्जात असाल तर शेजारच्या घरातल्या मुलाला ते सांगा. तुमची थोडी मान खाली जाईल, पण त्या मुलाची आयुष्यभर ताठ राहील!